आईला शॉक कोणी दिला

फैजपूर,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. योगराज यास आशीर्वाद,

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तू माझ्या घरात चप्पल न काढता शिरलास आणि शेजारपाजारच्या चार माणसांसमोर मला म्हणालास, "अक्का, तू माझ्या आईला करंट लावतेस?"

भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या मुख्य सिस्टर सांगायच्या की तक्रार लिहायची तर आधी दिवस लिहावा, मग वेळ, मग जागा, मग समोरच्याचे शब्द जसेच्या तसे. एवढं नीट लिहिलं की विशेषणांची गरज उरत नाही. मी प्रयत्न करणार आहे. विशेषणं माझ्याकडे पुष्कळ आहेत, ती आवरण्यात हा आठवडा गेला.

बाकी इकडे खुशाल. थंडी पडली आहे. सकाळी केळीच्या बागांवर धुकं असतं. शेजारच्या रुपचंद भाऊंच्या गाईला कालवड झाली. लताला आणि मुलांना आशीर्वाद सांग. तुझ्या वाट्याचा वर लिहिला आहे तो पद्धत म्हणून. मनापासूनचा मी सध्या राखून ठेवला आहे.

आता "माझ्या आईला" या शब्दांपासून सुरुवात करू. तू ते बोललास तेव्हा त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईची वेणी मी घातलेली होती. तिच्या पायांना तेल मी लावलेलं होतं. तिच्या कवळीचा डबा, तिची काठी, तिचा चष्मा कुठे असतो हे तुला विचारलं असतं तर तू माझ्याकडेच पाहिलं असतंस. "आपल्या आईला" म्हणायला तुला फार कष्ट पडले नसते. एका शब्दाचा काय तो फरक.

त्यानंतर तू जे केलंस ते शब्दांपेक्षा वाईट होतं. ती खुर्चीत शांत बसली होती. उजव्या बरगडीखाली दोन पट्ट्या, पाठीकडे दोन पट्ट्या, मांडीवर तळहाताएवढं मशीन. तू त्या तारा धरल्यास आणि ओढल्यास. मशीन चालू असताना. माणसाच्या अंगावरची पट्टी अशी उचकटली की ती सुटता सुटता शेवटच्या टोकावर सगळा प्रवाह गोळा होतो आणि सणकन चटका बसतो. म्हणून ती किंचाळली. तू माझ्याकडे वळून म्हणालास, बघ, बघ, शॉक बसला ना तिला.

होय, बसला. गेलं वर्षभर मी हे मशीन तिला लावते आहे, त्यात तिला शॉक बसला तो हा एकच, आणि तो तू दिलास. वीज कंपनीतून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या माणसाने, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, दिला. तुझ्या निरोप समारंभात तुझ्या कामाची बरीच स्तुती झाली होती. हे कलम त्यात राहून गेलं होतं, ते मी आता भरून देते.

मग तू तिला गाडीत बसवलंस, मला "हे दुकान बंद कर" असं सांगितलंस आणि निघून गेलास. ओट्यावर शेक घ्यायला आलेल्या तीन बाया होत्या. केळीचे घड वाहून त्यांच्या माना आखडलेल्या असतात. त्या उठून चालायला लागल्या. त्यातली एक जाता जाता मला म्हणाली की बाई, आम्ही उद्या येऊ, तुमच्या घरात आज दुखणं जास्त आहे. मला हसू आलं असतं, पण मी ते नंतरसाठी ठेवलं.

दुकान म्हणालास म्हणून सांगते. माझ्या गावची पहिली मुलगी मी, जी नागपूरला जाऊन हे शास्त्र शिकून आली. जळगावच्या सरकारी दवाखान्यात मी रुजू झाले तेव्हा आमच्या खोलीच्या दारावर इंग्रजीत लांबलचक नाव होतं. ते कोणी वाचलं नाही. लोक त्या खोलीला शेकघर म्हणायचे आणि मला शेकवाली बाई. मी सुरुवातीला फार चिडायचे. मी म्हणायचे, बाबांनो, हा शेक नाही, यात उष्णता नाही, यात त्वचेवरून नसांना विजेचे बारीक बारीक ठोके देतात, म्हणजे दुखण्याची वर्दी मेंदूपर्यंत पोहोचायच्या आत वाटेत गर्दी होते. ते मान हलवून सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं बाई, मंग आता शेक द्या." शेवटी मीही शेकच म्हणायला लागले. पहूरपासून भडगावपर्यंतच्या माणसांच्या कंबरा, माना, गुडघे या हातांखालून गेले आहेत. अजूनही बसमध्ये कोणीतरी अनोळखी माणूस उठून मला जागा देतो आणि शेजारच्याला सांगतो की या शेकवाल्या बाई. त्या जागेवर मी ताठ बसते. मंत्र्याची बायकोही इतकी ताठ बसत नसेल.

आणि मी कोणालाही कधी खोटं सांगितलं नाही. याने रोग जात नाही. दुखण्याला उतार पडतो, कोणाला जास्त, कोणाला कमी, कोणाला अजिबात नाही, आणि मशीन काढल्यावर दुखणं हळूहळू परत येतं. आईलाही मी हेच सांगितलं. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता तिला नागीण झाली, हे तुला माहीत आहे; फोनवर तू औषधाची नावं विचारली होतीस. फोड गेले, डाग राहिले आणि डागांखाली आग राहिली. तिला अंगावरचा पदर सहन होईना. गोळ्यांनी गुंगी यायची, उठली की तोल जायचा. तेव्हा तिच्या डॉक्टरांना विचारून मी माझं जुनं शस्त्र बाहेर काढलं.

ती मुळीच तयार नव्हती. आपल्याकडे मानतात ना, नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला. मी पट्ट्या लावायला लागले, तारा पाहिल्या आणि तिने माझा हात धरला. "तू नागिनीचं तोंड अन् शेपूट तारेनं जोडू राह्यली का? मले मारते का?"

माझं सगळं कॉन्व्हेंट आणि सगळं नागपूर तिथे निकामी झालं. मी तिला शास्त्र सांगितलं नाही. मी चारही पट्ट्या उजव्या अंगालाच लावल्या, मणक्याच्या पलीकडे एकही जाऊ दिली नाही, आणि दर दोन पट्ट्यांच्या मध्ये माझी चार बोटं ठेवून तिला दाखवली. बघ, इथे मोकळं आहे, इथेही मोकळं आहे, डावं अंग तर सगळंच मोकळं आहे. तिने स्वतःची बोटं घालून खात्री केली. मग म्हणाली, लाव. थोड्या वेळाने तिने पदर अंगावर नीट ओढून घेतला. कित्येक आठवड्यांनी. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच कढई घासली.

तेव्हापासून रोज सकाळी ती हाक मारायची, कामिनी, शेक. शेक हाच शब्द. हे लक्षात ठेव.

तू म्हणालास की शॉकचं आईनेच फोनवर सांगितलं. मान्य. रविवारपासून मी भेटेल त्याला हेच सांगते आहे की ती शेक म्हणाली, तुला शॉक ऐकू आलं. तिची कवळी सैल, तुझा एक कान मशिनरीच्या आवाजाने गेलेला, आणि फोन तर काय, अर्धं बोलणं सातपुड्यातच सांडतो. एक मात्रा इकडची तिकडे झाली. सगळ्यांना पटतं. रुपचंद भाऊंना मात्र पटलेलं नाही. ते त्या दिवशी दारातच उभे होते. काल संध्याकाळी ते दूध घेऊन आले आणि मला म्हणाले, "अक्का, तुम्ही तं कलेक्टरलेबी ऐकत नही. मंग त्या दिवशी तुमची वाचा काहाले बसली व्हती?"

मी त्यांना म्हटलं, दूध आज पातळ आहे.

पण त्यांचा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर त्यांना नाही, तुला द्यायला हवं. कारण बुधवारी लताचा फोन आला होता. तुला सांगून केला की न सांगता, हे मी विचारलं नाही. धुळ्याची मुलगी ती, घाबरली की माहेरच्या बोलीत जाते. म्हणाली, "अक्का, त्या बठ्ठा दिन पडेल शेतस. पदर बी अंगले लागू देत नईत." दिवसभर आडवीच असते म्हणे, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. न्हाणीघराच्या दारात पडता पडता वाचली. लताने विचारलं की ते मशीन आणू का, तर तू म्हणालास, या घरात ते येणार नाही. आणि आईला विचारलं, तर ती म्हणाली, मले काही दुखत नही.

ऐक, योगराज. मी अडुसष्ट वर्षांची आहे आणि या घराण्याला ओळखून आहे. तू मशीन मागणार नाहीस, कारण मागितलंस तर रविवारचं सगळं चुकलं असं होईल. मी आपण होऊन पाठवणार नव्हते, कारण माझा अपमान झाला आहे. आणि ती दुखतं म्हणणार नाही, कारण दुखतं म्हटलं तर तिला इकडे यावं लागेल आणि तिला अजून तुझ्याकडे राहायचं आहे. तिघांचा ताठा नीट सांभाळला जातो आहे आणि आग मात्र एकटीच्या बरगडीत आहे. हे मला चालणार नाही. म्हणून मी माझा ताठा थोडा बाजूला ठेवून पुढचं लिहिते आहे. हे पान तिला वाचून दाखवायचं नाही. लतालाही नाही.

ती शॉकच म्हणाली.

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते आणि ती पलीकडे पलंगावर बसून तुझ्याशी बोलत होती. कवळी घट्ट बसवलेली होती. मीच बसवून दिली होती. तू बहुधा कसली तरी घाई सांगत असशील, कारण ती बराच वेळ नुसतं हं, हं करत होती. मग ती स्वच्छ म्हणाली, "कामिनी मले शॉक देते. रोज." आणि तिने फोन ठेवला. वर्षभर रोज शेक म्हणणाऱ्या बाईने तुझ्यासाठी निराळा शब्द शोधून काढला होता.

माझ्या हातातली भाकरी फाटली. मी तिला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला तिचं मोरपंखी लुगडं ट्रंकेतून काढायला लावलं, उन्हात टाकायचं म्हणून सांगितलं, आणि घडी घालून पिशवीत ठेवलं. तू आलास तेव्हा ती पिशवी पलंगाखाली भरलेली तयार होती. तू ती उचललीस, तेव्हा तुझ्या मनात आलं नाही की सुटका झालेल्या बाईचं सामान आधीपासून कसं बांधलेलं?

तू ओरडत होतास तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. तिनेही माझ्याकडे पाहिलं. मी एक वाक्य बोलले असते तर चार लोकांसमोर तुझी आई खोटी पडली असती. तुझी आई. बघ, मीही म्हणाले. तर मी ते वाक्य गिळलं. मला वाचा नव्हती म्हणून नाही. सुगंधाबाईंना त्यांच्या लेकासमोर कोणी खोटं पाडलेलं मी पाहू शकत नाही, मग ती मी स्वतः का असेना.

आता तू म्हणशील, तिने माझ्यावर असा आळ का घ्यावा. मीही दोन दिवस तेच म्हणत होते, आणि खोटं कशाला सांगू, जेवणही धड गेलं नाही. मग मला कॉन्व्हेंट आठवलं.

मी तिथे कशी गेले, हे तुला ठाऊक नसेल. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. आपल्या आजोबांसमोर सुनेने तोंड उघडायची रीत नव्हती. मुलगी शिकवा, असं ती म्हणाली असती तर ते हसले असते. ती तसं म्हणाली नाही. ती जेवण वाढता वाढता सासूला ऐकवल्यासारखं करून आजोबांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही पोरगी माह्या काही कामाची नही. नुसतं तोंड चालोते. टाका तिले कुठी बोर्डिंगात." मग रोज माझी एक तक्रार. मी भांडं फोडलं, मी शेण टाकलं नाही, मी उलट बोलले. उलट मी बोलायचेच, पण भांडं मी फोडलं नव्हतं. आजोबा कंटाळले आणि त्यांनी मला भुसावळला नेऊन सोडलं. मी किती वर्षं समजून होते की मी आईला नकोशी होते. नागपूरची पदवी घेऊन घरी आले तेव्हा तिने ती भिंतीवर लावली, आणि खाली उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती की पोरगी लहानपणी फार त्रास द्यायची. तेव्हा मला कळलं.

या बाईने आयुष्यात कधी काही मागितलेलं नाही. तहान लागली तर ती म्हणते, माठात पाणी कमी झालं वाटतं. वडिलांच्या वर्षश्राद्धानंतर तू फैजपूरला पाऊल टाकलं नव्हतंस. ती एकदाही म्हणाली नाही की योगूला बोलाव. परवाच्या भाऊबीजेलाही तू आला नाहीस, फोन केलास. मी ओवाळायचं ताट तयार करून ठेवलं होतं ते मी आवरून टाकलं. ती पलंगावरून पाहत होती. तिने तुला स्वतःसाठी बोलावलं की माझ्यासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण बोलावलं, एवढं नक्की. लेकीवर आळ घेऊन एकदा लेकीला शाळेत घातलं, लेकीवर आळ घेऊन आता लेकाला घरी आणलं. मी तुला वर्षभर पत्रं लिहिली असती तरी तू धुळ्याहून हलला नसतास. तिने एका शब्दात हलवलं. माझ्या रागाच्या तळाशी गेले तर तिथे मला तिचा अभिमानच सापडतो, आणि याचाही मला राग येतो.

तो शब्द मात्र तिने वापरायला नको होता. तू नोकरीत नवा होतास आणि तुमच्या लाइनमन छगनला खांबावरून उतरवलं, तेव्हा तू घरी येऊन आधी मेन स्विच बंद केला होतास. कोणीतरी चुकून लाइन चालू केली होती आणि तू खाली उभा होतास. त्यानंतर तुझ्या घरात पोरांनी खेळातसुद्धा तो शब्द काढलेला तुला चालत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तिलाही माहीत आहे, म्हणूनच तिने तो निवडला. तू त्या तारा का ओढल्यास, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.  तरीही मी हे पत्र लिहिते आहे, कारण घाबरलेल्या माणसालासुद्धा चप्पल काढता येते.

तिने तुला खोटं सांगितलं असं समजू नकोस. तिने हाक मारली, आणि तू आलास. एवढंच तिथे घडलं. तिला कळू देऊ नकोस की मला कळलं आहे.

हे पत्र आणि मशीन रुपचंद भाऊंसोबत पाठवते आहे. ते सोमवारी त्यांच्या लेकीकडे धुळ्याला येत आहेत. आता पुढचं नीट वाच आणि लतालाही वाचायला दे.

त्वचा ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची. डागांवर पट्टी लावायची नाही. डागांच्या वर दोन आणि खाली दोन, चांगल्या कातडीवर. सगळ्या उजवीकडे. आधी मशीनचं बटण शून्यावर आहे ना ते बघायचं, मग पट्ट्या, मग हळूहळू वाढवायचं. तिला विचारत राहायचं. ती म्हणेल, मुंग्या आल्या; तिथे थांबायचं. मुंगळे आले म्हणाली तर तू पुढे गेलास, मागे ये. अर्धा तास पुरे. ती झोपली तर काढून ठेवायचं. काढताना आधी मशीन बंद, मग पट्टी एका कोपऱ्यातून सावकाश सोडवायची. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. गोळ्या कमी करायच्या त्या तिच्या डॉक्टरांना विचारून, तुझ्या मनाने नाही. आणि पट्ट्यांच्या मधल्या जागेत तुझी चार बोटं ठेवून तिला दाखवल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. तुझी बोटं जाड आहेत, तीन चालतील. ती स्वतःची घालून बघेल. बघू दे. घाई करू नकोस.

हे सगळं तू स्वतः करायचं. लता करेल, मला माहीत आहे. तरी तू करायचं. आधी स्वतःच्या दंडावर लावून बघ. अकरा हजार व्होल्टपलीकडेही वीज असते, आणि ती मुंग्यांसारखी चालते, हे तुला या वयात कळायला हरकत नाही.

तिला हवं तेवढे दिवस ठेव. मी तिला परत मागत नाही. फक्त एक सांगून ठेवते, कारण ते तुला कळणार नाही. तिला घरी यायचं असेल तर ती तसं म्हणणार नाही. ती म्हणेल की धुळ्याच्या वांग्यांना चव नाही, किंवा भरताचा मोसम चालला, किंवा असंच काहीतरी. तू बाजारातून चांगली वांगी आणून देशील. देऊ नकोस. गाडी काढ.

राहिलं रविवारचं. जे तू माझ्या घरात उभं राहून बोललास ते माझ्या घरात उभं राहून मागे घ्यायचं, रुपचंद भाऊ आणि त्या तिघी समोर असताना. त्यांना मी बोलावून घेईन. तिला सोडायला येशील तेव्हा हे उरकून टाकू. त्या दिवशी मी ताटही करीन, भाऊबीज मागे पडली असली तरी. हे माझं म्हणणं आहे, विनंती समजू नकोस.

आणि मला उत्तर हवं आहे. लेखी. फोन केलास तर मी उचलणार नाही, माझाही आवाज फोनवर नीट जात नाही. रुपचंद भाऊ शनिवारी, २२ नोव्हेंबरला, दुपारच्या बसने परत निघतात. त्याआधी उत्तर लिहून, पाकीट बंद करून त्यांच्या हातात दे. त्यात लिही की मुंग्या कितीवर आल्या, पदर अंगावर राहतो का, रात्री झोप लागते का. तिने काय सांगितलं ते तिच्याच बोलीत लिही, शुद्ध करत बसू नकोस. तू सुधारलंस तर मला कळेल.

तिने माझ्याबद्दल काही विचारलं असेल तर तेही तसंच्या तसं लिही. विचारलं नसेल तर तेवढी ओळ कोरी सोड. खोटी भरू नकोस. शनिवारी, दुपारच्या बसच्या आत.

उत्तर मागणारी,
तुझी अक्का
कामिनी